मतमूल्य वीस

ऑक्टोबर 2025 मध्ये आयर्लंडने नवा राष्ट्राध्यक्ष निवडला. कॅथरीन कॉनोली 63 टक्क्यांहून जास्त मते घेऊन आल्या. सोमवारी ऑफिसात ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय. मला मत नव्हते. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आहे आणि राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्क फक्त आयरिश नागरिकांना. (स्थानिक कौन्सिलच्या निवडणुकीत मात्र इथे राहणाऱ्या कुणालाही मत देता येते. जून 2024 मध्ये मी दिलेही. एक उमेदवार दारात येऊन गल्लीतल्या बंद दिव्यांची तक्रार मुकाट्याने ऐकून गेला होता. गोव्यात, फोंड्यात असताना असे भाग्य कधी लाभले नाही.) तर, तुमच्याकडे हल्ली राष्ट्रपती कोण, असे एका सहकारी बाईने विचारले. मी सांगितले, द्रौपदी मुर्मू, संथाळ समाजाच्या, त्या पदावरच्या पहिल्या आदिवासी. सांगताना आवाज थोडा चढला असणार, कारण बाई हसल्या.

या अभिमानावर आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 2022 च्या जुलैतच भांडण होऊन गेले आहे. 21 तारखेला राष्ट्रपतिपदाचा निकाल लागला तशी थोरल्या काकांनी मुर्मूंचा फुलांच्या हारातला फोटो टाकला. पाच मिनिटांत मडगावच्या आतेभावाचा शेरा आला: "रबर स्टॅम्प. फक्त रंग बदलला." मग रात्रभर धुमश्चक्री. आतेभावाचे म्हणणे असे की उमेदवारी जाहीर झाली तेव्हाच निकाल लागला होता, 6,76,803 विरुद्ध 3,80,177 हा आकडा केवळ सोपस्कार. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला. आणि हे सगळे सोडा, बाईंच्या मूळ गावातल्या, उपरबेड्यातल्या एका वस्तीवर वीज आली ती त्यांचे नाव पुढे आल्यावर, जून 2022 मध्ये. काका म्हणाले, "अरे, आली ना पण!" यावर आतेभाऊ जे बोलला ते इथे छापण्याजोगे नाही.

आतेभावाची माहिती खरी आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. 2017 मध्ये या बाई झारखंडच्या राज्यपाल होत्या. छोटा नागपूर आणि संथाळ परगणा कुळकायद्यांत बदल करणारी विधेयके विधानसभेने मंजूर करून त्यांच्याकडे पाठवली. आदिवासींच्या जमिनींचा प्रश्न होता, लोक रस्त्यावर उतरले होते. सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. त्यांनी विधेयके परत पाठवली. शिक्का असा वागत नाही. राष्ट्रपती झाल्यावर त्यांनी असे काही केले का, हा आतेभावाचा पुढचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही म्हणून तो अजून जिंकल्याच्या थाटात असतो.

पण निव्वळ अधिकारांवरून पद मोजायचे तर आयर्लंडचा राष्ट्राध्यक्षही कागदोपत्री फारसे काही करू शकत नाही. आपल्या घटनाकारांनी राष्ट्रपती निवडण्याची पद्धत, राज्यसभेवरच्या नेमणुका आणि मार्गदर्शक तत्त्वे उचलली ती याच देशाकडून. पसंतीक्रमाने मत द्यायची रीत दोन्हीकडे तीच. फरक एवढाच की इथे सारे नागरिक मत देतात आणि आपल्याकडे आमदार-खासदार. थेट मतदान म्हणजे सगळे आलबेल, असेही समजू नये. गेल्या वेळी निम्म्याहून कमी लोक मतदानाला गेले, आणि गेले त्यांतही दोन लाखांवर मतपत्रिका बाद ठरल्या. कित्येकांनी मुद्दाम, आपल्या मनासारखा उमेदवारच नाही म्हणून, त्यावर वाटेल ते लिहून ठेवले होते.

आणि तरी हे हात बांधलेले पद माझ्या उपयोगी पडले. 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले. टॅलामध्ये एकाला टोळक्याने रक्तबंबाळ केले, मग एकापाठोपाठ एक बातम्या. ऑगस्टच्या सुरुवातीला भारतीय वकिलातीने सावधगिरीची सूचना काढली, संध्याकाळी आडवाटेने जाऊ नका. मी तेव्हा शेवटची बस टाळायला लागलो. बायको फोनवर कोकणीत बोलायची ती बसमध्ये हळू आवाजात बोलू लागली. पोलिस तपास करत होते, मंत्री निषेध करत होते, ते त्यांचे कामच. पण बारा ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांचे निवेदन आले. हल्ल्यांचा त्यांनी अगदी कडक शब्दांत धिक्कार केला आणि भारतीय समाजाने या देशासाठी, इथल्या दवाखान्यांसाठी काय केले आहे ते नाव घेऊन सांगितले. कायद्याने त्या निवेदनाला कवडीची किंमत नाही. पण दुसऱ्या दिवशी शेजारचे म्हातारे गृहस्थ, ज्यांच्याशी माझे संबंध कचऱ्याच्या डब्यापुरतेच, फाटकाशी थांबून त्यावर माझ्याशी पाच मिनिटे बोलले. देशाच्या वतीने कुणीतरी बोलले की माणसांना आपणही बोलावे असे वाटते. मेरी रॉबिन्सन 1990 मध्ये इथल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या, तेव्हा परदेशी गेलेल्या आयरिश लोकांसाठी त्यांनी आपल्या निवासाच्या खिडकीत कायमचा दिवा लावला. त्या दिव्याने एकालाही नोकरी मिळाली नसेल. लोक अजून त्याबद्दल बोलतात.

म्हणून मुर्मूंचा अभिमान वाटणे यात मला भोळेपणा दिसत नाही. मला खटकते ते वेगळेच.

आम्हा गोवेकरांना अभिमान फार लवकर वाटतो, कारण तो बहुतेकदा फुकट मिळतो. अंतोनियो कॉस्ता 2015 मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्या वडिलांकडचे मडगावचे घर दाखवायला अख्खे मडगाव तयार होते. 2017 मध्ये लिओ वराडकर इथले पंतप्रधान झाले. त्यांच्या वडिलांचा गाव मालवण तालुक्यातले वराड, म्हणजे पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की आलेच. मला गोव्याहून इतके अभिनंदनाचे फोन आले, जणू मीच त्यांना मांडीवर खेळवले. यांपैकी कुणासाठी आम्ही काही केले नव्हते आणि कुणामुळे आम्हाला काही सोडावे लागणार नव्हते. राष्ट्रपती भवनाची रायसीना हिलही फोंड्यापासून तेवढेच लांब.

जवळची गोष्ट सांगतो. आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, सुपारी सोलायला गावडे समाजातली एक बाई यायची. आडाळ्यासारखे, म्हणजे विळीसारखे पाते पायाखाली दाबून, तोंडाने अखंड बोलत, ती सुपारीचा ढीग संध्याकाळपर्यंत संपवायची. चहा मिळायचा, पोहे मिळायचे. पण तिची कपबशी मागीलदारी वळचणीला खोचलेली असायची, पिताना घ्यायची आणि धुऊन परत खोचायची, हे सारे तीच करायची. आमच्या घरात कुणी दुष्ट नव्हते. आजी तर तिच्या लेकीच्या बाळंतपणाला स्वतः डिंकाचे लाडू घेऊन गेली होती. कपबशी तेवढी आत आली नाही. काकांनी 2022 मध्ये हारातला जो फोटो टाकला तो याच घरातून.

आता हिशेब पाहा. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला 2003 मध्ये. त्यामुळे 2001 च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींचे लोक होते फक्त 566, आणि 2011 च्या जनगणनेत 1,49,275. माणसे तीच, त्याच घरांत, त्याच शेतांवर. 25,449 लोकसंख्येच्या अनुसूचित जातींसाठी पेडणे मतदारसंघ राखीव. जमातींच्या दीड लाख लोकांसाठी विधानसभेच्या चाळीसपैकी एकही राखीव जागा नव्हती. 2011 मध्ये बाळ्ळी गावात आदिवासींच्या हक्कांसाठी झालेल्या आंदोलनात दोन तरुणांचा जीव गेला. शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने जमातींसाठी जागा राखण्याचे विधेयक मंजूर केले. लोकसंख्येच्या प्रमाणात चार जागा होतात.

आयर्लंडमध्येही असेच एक दुखणे आहे. इथल्या भटक्या ट्रॅव्हलर समाजाला सरकारने मार्च 2017 मध्ये वेगळा वांशिक समूह म्हणून मान्यता दिली. आमच्या ऑफिसात सगळ्यांना त्याचे कौतुक. आमच्या वसाहतीजवळ त्यांच्या गाड्यांसाठी तळ करायचे घाटले, तेव्हा त्याच लोकांनी सह्यांचा अर्ज फिरवला. वाहतुकीची कोंडी होईल म्हणे.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीत गोव्याच्या आमदाराच्या मताचे मूल्य आहे वीस. 1971 च्या लोकसंख्येवरून काढलेले. उत्तर प्रदेशचे 208, आपले वीस. मुर्मूंची मुदत जुलै 2027 मध्ये संपते आणि त्याआधी गोव्याची विधानसभा निवडणूक आहे. चार राखीव जागा तोवर प्रत्यक्षात आल्या तर पुढचा राष्ट्रपती निवडताना गावडा, कुणबी, वेळीप समाजाचे निदान चार आमदार मतदान करतील. एकूण मूल्य ऐंशी. देशाच्या साडेदहा लाखांच्या वर असलेल्या बेरजेत दिसणारही नाही. आतेभाऊ त्यांनाही रबर स्टॅम्प म्हणेल. मला मात्र त्या ऐंशीचे अप्रूप राष्ट्रपती भवनापेक्षा जास्त आहे, कारण त्यातला एकेक आकडा कुणा ना कुणाच्या घरची उमेदवारी खाऊन येणार आहे.

ग्रुपवर सध्या त्याचीच चर्चा आहे. कुठले मतदारसंघ राखीव होणार, कोणाची गणिते बिघडणार. काकांचे पुतणे, म्हणजे माझे चुलतभाऊ, गेली काही वर्षे उमेदवारीच्या रांगेत आहेत. परवा काकांनी लिहिले, "आरक्षण जाय, ताका म्हजो विरोध ना. पूण आमचोच मतदारसंघ कित्याक?" (आरक्षण हवे, त्याला माझा विरोध नाही. पण आमचाच मतदारसंघ का?) खाली आतेभावाने फक्त 2022 चा तो हारातला फोटो शोधून टाकला.