ब्लॅकबर्न वाचवलं म्हणे पुणेकरांनी!

'परकीयांनी गिळला फुटबॉल' असा एक मेसेज आमच्या वेंगुर्ल्याच्या ग्रुपवर फिरतोय. एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण तो वाचून भावोजींनी भाच्याला गोव्यातल्या एका क्लबच्या निवड चाचणीला पाठवायचं रद्द केलं. "झिलाक थय धाडूचंय नाय." त्या क्लबात परदेशी माणसाचा एक रुपया नाही, एवढं तरी विचारायचं!

मेसेजमधलं सगळ्यात भन्नाट वाक्य हे: 'परदेशी मालक क्लब लुटतात, आपल्या पुणेकरांनी मात्र इंग्लंडात जाऊन ब्लॅकबर्न वाचवलं.' अहो, ब्लॅकबर्नवाल्यांना विचारा की! 1995 चा प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडातल्या सगळ्यात वरच्या श्रेणीचा, विजेता क्लब. नोव्हेंबर 2010 मध्ये पुण्याच्या वेंकीजने घेतला तेव्हाही तो प्रीमियर लीगमध्येच होता, म्हणजे वाचवायचं काय होतं? महिन्याभरात सॅम अ‍ॅलरडाइससारख्या मुरलेल्या प्रशिक्षकाला घरी बसवलं. मे 2012 मध्ये घरच्या मैदानावर विगनविरुद्धचा सामना चालू असताना मैदानात कोंबडी सोडली गेली, अंगावर क्लबचा झेंडा पांघरलेली. मालकांचा धंदा कोंबड्यांचा, म्हणून. त्याच रात्री 0-1 हरून क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला, 2017 मध्ये तिसऱ्या. वर्षभरात दुसरीत परतला, मालक पदरचे पैसे ओततात हेही खरं, पण प्रीमियर लीग काही पुन्हा दिसलेली नाही. तिथल्या लोकांच्या लेखी 'परकीय मालक' म्हणजे आपणच, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

'अमेरिकन मालकांनी मँचेस्टर युनायटेडला कर्जात टाकलं' हा मेसेजमधला मुद्दा नाइलाजाने मान्य. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून क्लब घेतला आणि त्यातलं बरंचसं क्लबच्याच माथी मारलं. पण हे त्यांना जमलं ते अमेरिकन म्हणून नव्हे, नियमात बसत होतं म्हणून. इंग्लंडातला 'बरी' नावाचा 1885 चा क्लब 2019 मध्ये लीगमधून हाकलला गेला, त्याचा मालक अस्सल इंग्रज होता. लेस्टर 2016 मध्ये प्रीमियर लीग विजेतं झालं ते थायलंडच्या मालकाच्या हाताखाली.

'जर्मनीत परकीयांना बंदी' हे साफ खोटं. तिथला 50+1 नियम मतांचं बहुमत क्लबच्या सभासदांकडे ठेवतो. पैसे घालणारा दुबईचा असो की म्युनिकचा, नियम तोच.

राहता राहिली 'अरबांनी लुटलेली' मुंबई सिटी, इंडियन सुपर लीगमधला आपला मुंबईचा क्लब. अबू धाबीच्या पैशावर चालणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने 2019 मध्ये 65 टक्के हिस्सा घेतला आणि 2020-21 च्या मोसमात लीगमध्ये पहिलं आल्याची शील्ड आणि अंतिम सामन्याचा करंडक दोन्ही मुंबईत आले. डिसेंबर 2025 मध्ये ग्रुप बाहेर पडला, कबूल. पण तेव्हा लीगच्या व्यावसायिक हक्कांचाच पत्ता नव्हता, मोसम अडकून पडला होता, आणि हा घोळ सगळा देशी होता. मुंबईचाच महिंद्रा युनायटेड क्लब 2010 मध्ये बंद झाला. आमच्याकडची पोरं ज्यांचे सामने बघायला गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमला जायची, त्या धेंपो आणि साळगावकर या गोव्याच्या क्लबांनी 2016 मध्ये भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या नव्या आराखड्यावर चिडून आय-लीग या राष्ट्रीय लीगला रामराम ठोकला. तेव्हा कुठला अरब आला होता?