अहिराणीने मराठी बिघडत नाही

जून उजाडला की जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरू लागतो : 'भाषा ही निव्वळ सवय आहे, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने सिद्ध केलंय. मूल ऐकतं तेच बोलतं. बरोबर बोललं तर बक्षीस, चुकलं तर शिक्षा. घरात अहिराणी बंद करा, नाहीतर मराठी कायमची बिघडेल.'

सिद्ध केलंय? स्किनरचं भाषेवरचं पुस्तक १९५७चं. उंदीर-कबुतरांच्या प्रयोगांत जे दिसलं, ते माणसाच्या बोलण्याला लावून पाहणारं ते विवेचन होतं. १९५९मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने त्याचं कठोर परीक्षण केलं. चॉम्स्कीचे सगळेच सिद्धान्त सर्वांना पटलेत असं नाही, पण बक्षिसांनी भाषा पुरती उलगडते असं मानणारे आज थोडेच.

'ऐकतं तेच बोलतं' हे तर घरातच खोटं ठरतं. तीन वर्षांचं पोर 'मी करलं' म्हणतं. घरात सगळे 'केलं'च म्हणतात, मग हे आलं कुठून? बसलं, रडलं, पडलं यांतून त्याने स्वतःच नियम काढला आणि 'कर'ला लावला. ही चूक ऐकली की मला फार आनंद होतो, कारण डोकं चालताना ऐकू येतं. शब्द मात्र कानावर पडल्याशिवाय येत नाहीत, तेवढं त्या मजकुरातलं खरं.

बक्षिसाचं म्हणाल, तर गाय पाहून मूल 'म्हैस आला' म्हणालं की आई म्हणते, "म्हैस नाही रे, गाय आहे ती." 'आला'कडे तिचं लक्षही नसतं. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन या संशोधकांनी १९७०मध्ये हेच नोंदवलं : आईबाप व्याकरण नव्हे, खरं-खोटं तपासतात. तरीही व्याकरण येतंच.

आणि शिक्षा? ती तर स्किनरलाच मान्य नव्हती. शिक्षेने वागणं तात्पुरतं दबतं, असं तो आयुष्यभर सांगत राहिला.

राहिली अहिराणी. माझी पुतणी आजीला म्हणते, "माले भूक लागनी." तशीच वळून मला म्हणते, "काका, मला भूक लागली." माले-मला, लागनी-लागली, दोन्हींचे नियम तिने वेगळे ठेवलेत, कुणीही न शिकवता. शेजारच्या घरात मात्र त्या मजकुरामुळे आजीला नातवाशी अहिराणी बोलायची बंदी झाली. तिला प्रमाण मराठी जमत नाही. पूर्वी ती ओट्यावर बसून त्याच्याशी तासन् तास बोलायची. आता त्याला जेवायला बोलावते, आणि गप्प बसते.