दोन फणस, माळ्याची मुलगी आणि आमच्या ओसरीतली मते

गेल्या रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर आमच्या ओसरीत अकरा जणांनी बसून ‘कटहल’ हा हिंदी चित्रपट पाहिला. तो संपल्यावर जी मते निघाली, ती तीन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो आहे. आमचे गाव मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात. चांगल्या पडद्यावर चित्रपट पाहायचा तर अमरावती गाठावी लागते, त्यामुळे पुतण्या मोबाइल टीव्हीला जोडून देतो आणि गल्लीतली माणसे सतरंजीवर येऊन बसतात.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 19 मे 2023 रोजी नेटफ्लिक्सवर आलेला हा चित्रपट यशोवर्धन मिश्रा यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच असून, तो त्यांनी वडील अशोक मिश्रा यांच्यासोबत लिहिला आहे. मोबा नावाच्या काल्पनिक गावात एका आमदाराच्या बंगल्यातील झाडावरून ‘अंकल हाँग’ जातीचे, प्रत्येकी 15 किलोचे दोन फणस चोरीला जातात. त्या फणसांच्या लोणच्यावर आमदाराच्या मंत्रिपदाच्या आशा अवलंबून असल्यामुळे सगळे पोलीस ठाणे त्यांच्यामागे लागते. तपास येतो इन्स्पेक्टर महिमा बसोर हिच्याकडे. ही भूमिका सान्या मल्होत्रा हिने केली आहे, तर विजय राज आमदार आहेत आणि राजपाल यादव स्थानिक वार्ताहर. तपास करता करता महिमाला कळते की त्याच बंगल्यातल्या माळ्याची मुलगी बेपत्ता आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. 71 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा मान याच चित्रपटाला मिळाला.

आता मतांकडे येतो. पहिले मत आमच्या ओसरीत सर्वात मोठ्या आवाजात मांडले गेले, आणि इतरत्रही अनेक प्रेक्षकांकडून मी ते ऐकले आहे. ते म्हणजे, गुन्हाच मुळात फार किरकोळ आहे. शेजारच्या एका भावाने अर्ध्या तासातच सांगून टाकले, “फनसासाठी कोनी एवढे पोलीस लावते काय भाऊ? काही दरोडा-गिरोडा पाह्यजे होता.” त्याला रहस्य हवे होते आणि ते मिळाले नाही. त्याची निराशा मला समजते, पण त्याचे मत मला मान्य नाही. असे काही घडतच नाही, असे वाटत असेल तर 2014 सालच्या बातम्या आठवाव्यात. उत्तर प्रदेशातील रामपूरला एका मंत्र्याच्या सात म्हशी चोरीला गेल्या, तेव्हा त्या शोधायला पोलिसांची मोठी धावपळ झाली होती. त्याच वर्षी दिल्लीत एका खासदाराच्या बंगल्यातून फणस गेल्याची तक्रार होऊन पोलीस तपासाला लागले होते.

किरकोळ म्हणजे काय, हे कोण ठरवते, याबद्दल मला स्वतःचा अनुभव सांगावासा वाटतो. काही वर्षांपूर्वी माझ्या बोअरची 200 फूट केबल एका रात्रीत कापून नेली गेली. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे झाडावर होती आणि पाणी देणे थांबवता येत नव्हते. सकाळी शोधत गेलो तेव्हा शेताच्या खालच्या अंगाला, नाल्यात, वीतभर रुंदीचा काळा डाग दिसला. चोरांनी वरचे आवरण तिथेच जाळून आतली तांब्याची तार तेवढी नेली होती. राखेत प्लास्टिकचे घट्ट झालेले गोळे होते आणि त्यांचा उग्र वास त्या थंड सकाळीही नाकात बसत होता. ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदाराने केबलचे बिल मागितले. बिल सापडत नव्हते, तर म्हणाले, अर्ज देऊन जा. तो अर्ज कुठे गेला ते मला आजतागायत माहीत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात 2013 मध्येच स्पष्ट केले होते. त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी टेबलापुढे उभे राहून ते बोलण्याचे धैर्य झाले असते की नाही, सांगता येत नाही.

त्यानंतर कायदाही बदलला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपासच करता येत नाही. दोन फणस, मग ते कितीही दुर्मीळ जातीचे असोत, या मर्यादेत सहज बसतील. दोन कॅरेट संत्री बसतात, एखादी कोंबडी बसते, शेतमजुराचा जुना मोबाइलही बसतो. आमदाराच्या फणसांसाठी गणवेशातली माणसे झाडाखाली फिरताना पाहून ओसरीतली माणसे खळखळून हसली, कारण त्यांच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ठाण्याच्या बाकावर बसून वाट पाहिलेली आहे. तोच गुन्हा मोठा दाखवला असता, खून किंवा दरोडा असता, तर हे हसू आलेच नसते. खुनाचा तपास होतो हे सर्वांना ठाऊक आहे. प्रश्न नेहमी लहान नुकसानीचा असतो, आणि गावातले बहुतेक नुकसान लहानच असते.

दुसरे मत आमच्या पुतण्याच्या मित्राचे. तो अमरावतीला शिकतो आणि चित्रपट पुष्कळ पाहतो. त्याचे म्हणणे असे की पहिला अर्धा भाग विनोदी आहे आणि दुसऱ्या भागात चित्रपट उपदेशाकडे वळतो. “पह्यले हासोते आन् मंग भाषन देते. एक काहीतरी कराव न.” हे मत बऱ्याच शिकलेल्या प्रेक्षकांचे आहे आणि ते अगदीच निराधार नाही, कारण शेवटाकडची मारामारी मलाही लांबलेली आणि उगाच गोंधळाची वाटली. परंतु विनोद आणि दुःख वेगवेगळ्या दावणीला बांधले पाहिजेत, हा आग्रह आपल्या मातीतला नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. माझी मोठी बहीण गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला दिलेली आहे, त्यामुळे झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या त्या भागातली, नाटके मी लहानपणापासून पाहत आलो. दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या दिवसांत ती नाटके रात्रभर चालतात. एका प्रवेशात हसून पोट दुखते, तर पुढच्याच प्रवेशात हुंड्यासाठी छळलेल्या लेकीचे रडणे ऐकून बाया पदराने डोळे पुसतात. ‘हे विनोदी की गंभीर’ असे तिथे मी कोणालाच विचारताना ऐकले नाही. 2023 मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भावजींनी गल्लीत पेढे वाटले होते. ज्या प्रेक्षकांनी त्या रंगभूमीला इतकी वर्षे जगवले, त्यांना ‘कटहल’चा उत्तरार्ध मुळीच परका वाटणार नाही.

चित्रपटातील भाषेबद्दल मात्र सर्वांचे एकमत होते. वरुड ओलांडले की मध्य प्रदेशातले पांढुर्णा आणि मुलताई लागते, आमच्या अर्ध्या गावाच्या सोयरिकी तिकडे आहेत, त्यामुळे ती गावठी हिंदी कोणालाच जड गेली नाही. असा चित्रपट वऱ्हाडीत का होत नाही, हा प्रश्न लगेच निघाला. आपली बोली चित्रपटात येते ती बहुधा एखाद्या गड्याच्या तोंडी, हसे करण्यापुरती. वऱ्हाडी बोलणारी इन्स्पेक्टर कोणी का लिहीत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

महिमाबद्दल बोलणारे कमी होते, आणि त्याची मला खंत आहे. ती इन्स्पेक्टर आहे, पण ज्या जातीतून ती आली आहे ती जात तिच्या अंगावर वर्दी असूनही लोकांना विसरता येत नाही. तिचा प्रियकर हुद्द्याने तिच्या हाताखाली आणि जातीने वरचा, त्यामुळे लग्नाची गाठ अडून बसते. ओसरीत या प्रसंगांना पुरुष मंडळी गप्प होती. ते गप्प राहणे मी ओळखतो, कारण आमच्याही गावात ठाण्यातल्या बाई अंमलदाराचे आडनाव विचारल्याशिवाय अनेकांना चैन पडत नाही.

सर्वात नेमके मत मात्र अंधारात ऐकले. चित्रपट मध्यावर असताना लाइन गेली आणि वीस मिनिटे आली नाही. पोरे चोर कोण यावर पैजा लावत होती. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या, दिवसभर निंदून आलेल्या शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, “आमदाराचं फनस गेलं तं ठानं त्याच्या घरी आलं. गरिबाची पोरगी गेली तं गरिबालेच ठान्यात जाव लागते.” कोणी काही बोलले नाही. लाइन आल्यावर पुढचा भाग सुरू झाला. मुलीचा शोध कोणी घेणार नाही हे ओळखून महिमा त्या मुलीनेच फणस चोरल्याचे वरिष्ठांना सांगते, म्हणजे फणसांच्या निमित्ताने तरी तिचा शोध घ्यावा लागेल. तेव्हा काकूंनी मांडीवर हात मारला. ज्या युक्तीवर हा सगळा चित्रपट उभा आहे, ती त्यांनी अर्ध्या तासापूर्वीच निम्मी सांगून ठेवली होती. ज्यांना उत्तरार्ध हा वेगळाच चित्रपट वाटतो, त्यांनी हे दृश्य पुन्हा पाहावे अशी माझी विनंती आहे. माळ्याच्या मुलीला सापडण्यासाठी आधी चोर व्हावे लागते, ही गोष्ट फणसांच्या गमतीतूनच निघालेली आहे आणि त्या गमतीशिवाय ती सांगताच आली नसती.

त्या रात्री अकरापैकी दोघे अर्ध्यातूनच उठून गेले. त्यांना चित्रपट आवडला नाही असे काही नव्हते, शेतीची लाइन रात्रीची होती आणि ओलिताला जाणे भाग होते. येत्या रविवारी आम्ही तोच चित्रपट पुन्हा लावणार आहोत. काकू सुनेला आणि नातीला घेऊन येणार आहेत, पुतण्याचा मित्रही अमरावतीहून येतो म्हणाला आहे. या आठवड्यात शेतीची लाइन दिवसाची आहे, त्यामुळे अर्ध्यातून उठून गेलेले ते दोघेही शेवटपर्यंत बसू शकतील.