नाव घेण्याआधी न फुटलेली घरं मोजा

सकाळपासून डोकं तापलंय. न उलगडलेल्या गुन्ह्यांच्या एका ग्रुपमध्ये मी बरेच दिवस वाचत असते. तिथे सध्या घरफोड्यांच्या एका मालिकेवर चर्चा चालू आहे. चांगली चालली होती. कोणी तारखा लावल्या, कोणी नकाशा काढला. एक घर फुटलं की पुढचे काही दिवस आसपासच्या घरांना धोका वाढतो, हेही कोणीतरी नीट समजावलं. आणि आज एकानं फोटो टाकला. सामान पोचवणारा एक मुलगा, चेहऱ्याभोवती लाल गोल. खाली लिहिलंय, "फुटलेल्या चार घरांपैकी तीन घरांत हा आधी येऊन गेलाय. अजून काय पुरावा हवा?"

अजून काय हवं ते मी सांगते. जी घरं फुटली नाहीत, त्यातल्या किती घरांत तो जाऊन आला होता? त्याचं कामच दारोदार जायचं आहे. सगळीकडे जाणारा माणूस फुटलेल्या घरांतही गेलेला असणारच. एवढा साधा हिशोब करायच्या आधी लाल गोल काढून मोकळे!

माझे मामा वायरमन होते. आमच्या वसाहतीत असं घर नव्हतं की जिथे त्यांनी कधी पंखा लावला नाही की फ्यूज बांधला नाही. मी शाळेत असताना तिथे घरफोड्या सुरू झाल्या. पोलीस आले, पंचनामे झाले, हाती काही लागलं नाही. मग संध्याकाळी जिन्यात बैठका भरायला लागल्या. सगळी शिकलीसवरलेली माणसं. एकांनी वही घातली: कोणाचं घर फुटलं, कधी फुटलं, आधी कोण कोण येऊन गेलं. प्रत्येक ओळीत मामांचं नाव. "माहीतगाराचंच काम आहे हे," असं ठरलं. न फुटलेल्या घरांचं पान त्या वहीत नव्हतंच. असतं, तर तिथेही ओळीओळीत मामाच दिसले असते.

तुमच्यापैकी ज्यांना हा विषय आवडतो त्यांना कॅलिफोर्नियातलं व्हिसेलिया आठवेल. 1974 आणि 1975 मध्ये त्या गावात शंभरावर घरफोड्या झाल्या. चोर विचित्र होता. मौल्यवान वस्तू टाकून गल्ल्यातली चिल्लर न्यायचा, जोडीतलं एकच कानातलं उचलायचा, कपडे विस्कटून ठेवायचा. कोणी आलं तर आवाज व्हावा म्हणून दाराशी भांडी रचायचा आणि पळायला खिडक्या उघडून ठेवायचा. सप्टेंबर 1975 मध्ये क्लॉड स्नेलिंग या प्राध्यापकांच्या मुलीला तो पळवून नेत होता; त्यांनी अडवलं म्हणून त्यानं त्यांना गोळी घातली. पुढे कित्येक वर्षं हौशी लोक या प्रकरणावर वाद घालत राहिले. नंतर कॅलिफोर्नियातल्याच सॅक्रामेंटो शहरात झालेल्या बलात्कारांमागचा माणूस तोच की दुसरा? व्हिसेलियाचा जाडसर, गोल चेहऱ्याचा, सॅक्रामेंटोचा सडपातळ, मग एक कसा असेल?

2018 च्या एप्रिलमध्ये जोसेफ डिअँजेलो नावाच्या माणसाला अटक झाली आणि 2020 मध्ये त्यानं स्नेलिंग यांच्या खुनासह तेरा खुनांची कबुली दिली. दोन्हीकडचा माणूस एकच निघाला. व्हिसेलियाच्या चोऱ्या चालू होत्या तेव्हा हा माणूस जवळच्याच एक्सेटर गावात पोलीस अधिकारी होता! वर्दीतला. आता सांगा, जिन्यातल्या त्या वहीत वर्दीवाल्याचं नाव कोणी लिहिलं असतं? बोट नेहमी खालच्याच दिशेनं जातं. वायरमनकडे, झाडूवाल्याकडे, सामान पोचवणाऱ्या पोराकडे. आपल्यातल्याकडे कधीच नाही.

मान्य, हौशी लोकांनी तो विषय विझू दिला नाही, हे त्यांचं श्रेय. आणि हेही मान्य की तपास करणारेही चुकतात. त्याच प्रकरणात 2017 मध्ये ओरेगनमधल्या शुश्रूषागृहातल्या एका म्हाताऱ्या माणसाचा डीएनए घेतला गेला, आणि तो भलताच माणूस निघाला. पण तिथे निदान एक तपासणी होती, जिनं त्याला सोडवलं. लाल गोलाला कसली तपासणी असते? बोस्टनच्या 2013 च्या स्फोटांनंतर रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या लोकांनी एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव उचललं. त्याचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. त्याच्या घरच्यांनी त्या दिवसांत काय सोसलं असेल, विचार करवत नाही.

मामांना कोणी चोर म्हटलं नाही. वसाहतीचे सेक्रेटरी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "राग मानू नका, पण थोडे दिवस तुम्ही येऊ नका. लोकांच्या मनात आहे." मामांनी कामांची डायरी आणून पुढे ठेवली, कुठल्या तारखेला कुठे होते ते सगळं त्यात होतं. त्यांनी ती उघडली नाही.

ज्यांचं घर फुटतं त्यांच्या भीतीची मला पूर्ण जाणीव आहे. परका माणूस आपल्या कपाटात हात घालून गेला, ही भावना दागिने परत मिळाले तरी जात नाही. रात्री पाच वेळा कडी तपासली जाते. अशा माणसाला कोणीतरी नाव हवं असतं, मी त्यांना दोष देत नाही. पण एक सांगते. ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं होतं, त्या काकूंनीच मामांना परत बोलावलं. "तुम्ही या हो, माझ्या स्वयंपाकघरातला दिवा बंद पडलाय," म्हणाल्या. सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्यांच्या घरातली तर वाटीसुद्धा गेली नव्हती.

ते चोर कधीच सापडले नाहीत. आणि म्हणूनच मामा कधीच सुटले नाहीत. खटला झाला असता तर निकाल तरी लागला असता. कित्येक वर्षांनी एका लग्नात कोणीतरी मामीला विचारलं, "ते चोऱ्यांच्या वेळचे वायरमन, त्यांच्याच ना तुम्ही?" मामी जेवली नाही त्या दिवशी.

"मग आम्ही हातावर हात धरून बसायचं का?" असं विचारणारे येतीलच. नका बसू. तारखा लावा, नकाशे काढा, जुनी कात्रणं जपा, तपास का थांबला म्हणून पोलिसांना पत्रावर पत्रं लिहा. कोणावर खरंच संशय असेल तर जे पाहिलंत ते पोलीस ठाण्यात जाऊन सांगा, स्वतःची सही करून. फोटो टाकायला सही लागत नाही, म्हणूनच तो टाकला जातो.

पटत नसेल तर खाली खुशाल भांडा, मी उत्तर देईन. पण कोणाचं नाव किंवा फोटो टाकलात, तर ती कमेंट मी त्याच क्षणी काढणार. मग तुम्ही कितीही जवळचे असा.