मॉर्फिनने मज्जारज्जू जळत नाही

कॅन्सरच्या रुग्णाला दिलेली मॉर्फिनची गोळी पाठीच्या कण्यातल्या नसा जाळते म्हणून दुखणे थांबते, दोन दिवसांत व्यसन लागते आणि डॉक्टर ती फक्त मरणाच्या दारातल्या माणसाला लिहून देतात, असा एक संदेश सध्या यवतमाळ-वणीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. तो वाचून आमच्या मोठ्या आईने गोळ्यांची पट्टी तुरीच्या डाळीच्या डब्यात दडवली आणि तोंडाच्या कॅन्सरने घास चावता न येणारे मोठे बाबा रात्रभर जबड्याला दुपट्टा बांधून बसले. हे आता सहन होत नाही.

नसा जळण्याची गोष्ट धादांत खोटी आहे. कमरेच्या किंवा पायाच्या वेदनेचा निरोप मज्जारज्जूत पोचतो, तोंडाचा मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाशी. दोन्हीकडे एक चेतापेशी रसायने सोडून तो पुढच्या पेशीला देते. मॉर्फिन या पेशींवरच्या म्यू नावाच्या ग्राहकांना, म्हणजे ठरावीक रसायन पकडणाऱ्या जागांना, चिकटते. त्यामुळे पहिल्या पेशीत कॅल्शियम कमी शिरते व ती ग्लुटामेटसारखी रसायने कमी सोडते, तर दुसरीतून पोटॅशियम बाहेर पडल्याने ती सहजी चेतत नाही. शिवाय मध्यमेंदूतून खाली येऊन वेदना आवरणारी शरीराची स्वतःची यंत्रणाही जोर धरते. हे ग्राहक मुळात शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामकांसाठी आहेत. अशी एन्केफॅलिन ही द्रव्ये ह्यूज आणि कॉस्टरलित्झ या शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळी केली. साध्या गोळीचा असर सुमारे चार तासांत ओसरतो आणि दुखणे परतते. जळालेली नस चार तासांत पुन्हा उगवते काय?

व्यसनाच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, हे मान्य करावे लागते. मॉर्फिनचा गैरवापर होतो, आणि जास्त डोस श्वासाचे केंद्र मंदावून जीव घेऊ शकतो. म्हणून मनाने डोस वाढवू नये व सोबत दारू तर मुळीच घेऊ नये. काही आठवड्यांनी शरीराला सवय होते आणि गोळी एकदम तोडल्यास घाम व जुलाब होतात, पण ही सवय म्हणजे नशेची ओढ नव्हे. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

शेवटच्या घटकेचे औषध हा दावाही टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या कॅन्सर-वेदनेवरील मार्गदर्शिकेत औषध दुखण्याच्या तीव्रतेवरून ठरते, उरलेल्या दिवसांवरून नाही. डोस दुखणे उसळण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळेला द्यायचा असतो, आणि आतड्यातही हेच ग्राहक असल्याने मॉर्फिनने शौचाला कडक होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडून मागून घ्यावे.