राजा नव्हता म्हणजे राज्य नव्हतं का? (कट्ट्यावरची चर्चा)

काल कट्ट्यावर विषय निघाला इग्बोंचा. स्पर्धापरीक्षेवाला पोरगा म्हणाला की आग्नेय नायजेरियातल्या या लोकांच्यात बहुतेक ठिकाणी राजाच नव्हता, तर वकील लगेच, "म्हणजे बेबंदशाही! इंग्रजांनी निदान कोर्टकचेरी तरी दिली."

इथं माझं डोकं फिरलं. म्हटलं राजा नव्हता पण कारभार होता ना, उमुन्ना म्हणजे आपल्या भावकीसारखं समज, एका पूर्वजाची घरं, त्यांची बैठक, तिथं नाही सुटलं तर गावाची सभा आणि सभेत कुणीही उठून बोलणार, शिवाय वयाप्रमाणे गट आणि प्रत्येक गटाची कामं ठरलेली. ओझो ही मानाची पदवी बापाकडून आपोआप मिळायची नाही, स्वतः कमवून, खर्च करून घ्यायला लागायची.

वकील हार मानणारा नाही. "ओनित्शाला ओबी होता, न्रीला एझे होता, ते राजे नव्हते तर कोण मग?" मुद्दा बरोबर आहे. पण न्रीच्या एझेकडे सैन्य नव्हतं, त्याचा वचक धर्माचा, शुद्धी करून द्यायची, तंटे मिटवायचे. आणि त्याच भागात इग्बो-उक्वूला 1938 मध्ये एका माणसाने अंगणात पाण्याची टाकी खणायला घेतली तर खाली कांस्याची भांडी, साधारण नवव्या-दहाव्या शतकातली, इतकी बारीक नक्षी की बघत राहावं. बेबंदशाहीत असलं काम होतं का सांग.

मास्तर मात्र वेगळंच बोलले, आणि ते बोलायलाच पाहिजे होतं. "फार गोडवे गाऊ नका. आरोचुक्वूच्या देवस्थानात ज्याला दोषी ठरवलं त्याला देवाने खाल्लं असं सांगायचे आणि मागच्या दाराने गुलाम म्हणून विकायचे. बॉनीच्या बंदरातून किती गेले! आणि ओसू? देवाला वाहिलेली माणसं, त्यांच्याशी सोयरीक नाही. 1956 ला कायद्याने बंद झालं तरी लग्नाच्या वेळी अजून अडतंय."

खरंय, यातलं एक अक्षर खोडता येत नाही. पण 1901-02 ला इंग्रजांनी आरोंवर, म्हणजे आरोचुक्वूच्या लोकांवर, स्वारी करून ते देवस्थान उडवलं ते काय फक्त गुलामांच्या कळवळ्याने? आतल्या मुलखात व्यापार आणि सत्ता पाहिजे होती, आरो मधे आडवे येत होते.

पुढची गंमत पोराने सांगितली, आणि गंमत म्हणजे चीड येईल अशी. इंग्रजांना गावात गेलं की एकच प्रश्न, तुमचा मुख्य कोण? सभा हे उत्तर त्यांना कळेचना. मग कागद देऊन मुख्य बनवले, वॉरंट चीफ. काही गावांनी म्हणे भीतीपोटी कुणीतरी बिनमहत्त्वाचा माणूस पुढे केला आणि तोच उद्या न्यायाधीश होऊन बसला! वरून कोर्टाचे कारकून, निरोपे, सगळ्यांची लाच. वकीलसाहेब, ही तुमची कोर्टकचेरी.

आणि ती मोडायला उठल्या बाया. आधी पुरुषांची मोजदाद झाली तेव्हा कर नाही म्हणून सांगितलं, 1928 ला पुरुषांवर कर बसला. त्यात 1929 ला पामतेलाचे भाव पडलेले. नोव्हेंबरात ओलोको गावी न्वान्येरुवा घरी पामतेल काढत बसलेली, ओकुगो या वॉरंट चीफचा माणूस आला की तुझ्या शेळ्या-मेंढ्या, माणसं मोज. मोजदाद म्हणजे आता बायांवरही कर, असं तिला वाटलं, तिने उलट विचारलं, तुझ्या आईला मोजलं का? दोघांची झटापट झाली, ती थेट बायांच्या बैठकीत गेली आणि गावोगाव पामची पानं फिरली, निरोप पोचला.

त्यांची जुनी रीत होती 'माणसावर बसायची'. ज्याने बाईला त्रास दिला त्याच्या घरी सगळ्यांनी जायचं, त्याची लाज काढणारी गाणी म्हणायची, मुसळं आपटायची, माफी मागेपर्यंत हलायचं नाही. ओकुगोची वॉरंट चीफपणाची टोपी गेली, त्याला तुरुंगवास झाला. मग लोण पसरलं, शेजारच्या इबिबिओ लोकांच्या, ओपोबो गावच्या बायाही त्यात, वॉरंट चीफ बसायचे ती नेटिव्ह कोर्टं फोडली, जाळली. डिसेंबरात सैनिकांनी गोळ्या घातल्या, 50 च्या वर बाया मेल्या.

वकील थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "पण वॉरंट चीफ गेले ना? मग जिंकल्या की."

मास्तर म्हणाले, अर्ध्या. 1933 च्या सुमारास पद्धत बदलली, कोर्टात एकाऐवजी गावचे बरेच जण बसायला लागले, पण त्यात बाया अगदी मोजक्या. आणि लोकांनी स्वतः जाऊन कुणाला वठणीवर आणणं हाच गुन्हा ठरला, म्हणजे माणसावर बसायची सोयच गेली. पूर्वी नवरा मारतो म्हणून चार घरच्या बाया मुसळं घेऊन निघायच्या, आता तिने त्याच कोर्टात अर्ज करायचा जिथं बसलेले जवळजवळ सगळे पुरुष.

वकील म्हणतो अर्ज असतो तिथं निदान नोंद राहते, यावर उद्या बोलू. मी म्हटलं उद्या नको, आत्ताच बोल.