हेमॅटाईट 70, मॅग्नेटाईट 72: उद्यमबागेत फिरणाऱ्या मेसेजबद्दल

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आम्हा फौंड्रीवाल्यांच्या ग्रुपवर आठ दिवस एकच मेसेज फिरतोय. हेमॅटाईट आणि मॅग्नेटाईट ही लोखंडाची दोन खनिजं. म्हणे हेमॅटाईटमध्ये 70 टक्के लोह आणि मॅग्नेटाईटमध्ये 72, म्हणून शहाणे गुंतवणूकदार हेमॅटाईटच्या खाणी सोडून मॅग्नेटाईटकडे वळलेत. कर्नाटकात त्याचा साठा मुबलक, तेव्हा आत्ताच शेअर घेऊन ठेवा. भाच्याने मला तो तीनदा पाठवला.

आधी ते 70 आणि 72. आकडे बरोबर आहेत, पण शुद्ध खनिजाचे. खाणीतून निघतो तो दगड. संडूर-होसपेटचं चांगलं हेमॅटाईट 60 च्या पुढे भरतं. फोडलं, चाळलं, रेल्वेच्या वाघिणीत घातलं की विकलं. मॅग्नेटाईटचा दगड बहुतेक ठिकाणी 25 ते 40 टक्क्यांचाच. तो पिठासारखा दळायचा, चुंबकाने लोह वेगळं काढायचं, मग त्या पिठाच्या गोळ्या वळून भाजायच्या, म्हणजे पेलेट. दळायला वीज, धुवायला पाणी, उरलेला गाळ अडवायला बंधारा. खाण घेतली की सोबत एक कारखाना गळ्यात पडतो. हाती येणारा माल 65 च्या वर, दरही चढा, यात वाद नाही. पण भंगार घेताना आपण घट धरतोच की. शेअर घेताना दळणाचा खर्च का धरत नाही?

‘शहाणे वळलेत’ हे अर्धंच खरं. पश्चिम ऑस्ट्रेलियात चीनच्या सिटिक कंपनीने सिनो आयर्न हा मॅग्नेटाईट प्रकल्प काढला. सुरुवातीचा अंदाज अडीच अब्ज डॉलरच्या आसपास होता, खर्च पुढे दहा अब्जांच्या घरात गेला, आणि पहिलं जहाज सुटायला 2013 चा डिसेंबर उजाडला. त्याच पिलबारा भागात रिओ टिंटो आणि बीएचपी या बड्या खाण कंपन्या हेमॅटाईट विकून पैसे मोजत होत्या. ज्याला पैसे लवकर परत हवेत तो हेमॅटाईटच बघतो.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या पदरात टाकतो. कोळशाऐवजी गॅस किंवा हायड्रोजनवर लोखंड करायचं तर 67 टक्क्यांच्या आसपासचा माल लागतो, आणि तो मॅग्नेटाईटपासून सोपा पडतो. पण त्यासाठी दहा-पंधरा वर्षं थांबायची ऐपत लागते. ती पोलाद कारखान्यांकडे असते, आमच्या भाच्याकडे नाही.

साठ्याचं म्हणाल तर आहेच, पण कुठे? बराचसा पश्चिम घाटाच्या जंगलात. तिथल्याच कुद्रेमुखची मॅग्नेटाईट काढणारी कंपनी 1976 ला इराणच्या कर्जाच्या भरवशावर उभी राहिली. 1979 ला इराणात क्रांती झाली आणि भरवसा संपला. पुढे सुप्रीम कोर्टाच्या 2002 च्या आदेशाने 2005 अखेर खाणच बंद. मंगळूरचा पेलेट कारखाना उरला, त्याला बाहेरून ओअर, म्हणजे लोहखनिज, आणावं लागलं.

म्हणून हेमॅटाईट बिनघोर असंही नाही. 2011 ला बळ्ळारीत, 2012 ला गोव्यात कोर्टाने खाणी थांबवल्या तेव्हा हेमॅटाईटवालेही हात चोळत बसले. आणि 2022 च्या मे महिन्यात केंद्राने ओअरवरचं निर्यातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं तेव्हा पेलेटवरही 45 लावलं. ती वाढ मागे घ्यायला नोव्हेंबर लागला.